कानोसा

"मॅडम, कंट्रोलमध्येही सापळे आलेत."

आमच्या प्रयोगशाळेतली विद्यार्थिनी हे इतकं हळू म्हणाली, की मी ऐकलं नाही तर बरं, असंच तिला वाटत असावं. मी ऐकलं. आणि आधी जे बोलायला नको होतं तेच बोलले, "अगं, म्हणजे कृमी गेलेत त्यात. झाकण उघडं ठेवलं होतंस का?"

ती काही बोलली नाही. प्लेट तेवढी माझ्यापुढे सरकवली.

प्रयोग साधाच होता. आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा ही मातीत आणि कुजलेल्या पाल्यात राहणारी बुरशी. एरवी अगदी निरुपद्रवी, कुजकं खाऊन गुजराण करणारी. पण खाणं, त्यातही नायट्रोजन, कमी पडलं आणि आसपास सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी, वळवळायला लागले की हिचं रूप पालटतं. सरळ वाढणाऱ्या धाग्याला एक फांदी फुटते, ती कमानीसारखी वळते, पुन्हा मूळ धाग्याला येऊन चिकटते आणि एक कडं तयार होतं. त्या कड्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, असं चिकट कड्यांचं जाळंच उभं राहतं. झॉप्फ या जर्मन शास्त्रज्ञाने या सापळ्यांत जिवंत कृमी अडकताना १८८८ सालीच पाहिले होते. आम्हाला विद्यार्थ्यांना फक्त फरक दाखवायचा होता: या प्लेटमध्ये कृमी सोडलेत, म्हणून सापळे, या प्लेटमध्ये नुसतं बफर, म्हणजे क्षारांचं साधं द्रावण, टाकलंय, म्हणून सापळे नाहीत. तुलनेसाठीची ही दुसरी प्लेट म्हणजेच कंट्रोल.

आणि आता बफरवाल्या चारही प्लेट्समध्ये कडीच कडी.

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. कृमी शोधणं अवघड नसतं. आम्ही वापरतो तो सी. एलिगन्स हा सूत्रकृमी पूर्ण वाढला की सुमारे एक मिलिमीटरचा होतो, आणि तो अगारवरून, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या थरावरून, सरपटला की मागे नागमोडी रेघ उमटते. चारही प्लेट्स मी कडेपासून कडेपर्यंत पाहिल्या. कृमी नाही, अंडं नाही, एक रेघसुद्धा नाही. कोणीच फिरकलं नव्हतं, तरी सापळे लागले होते.

दुपारपर्यंत मी दोन-तीन चुकीचे तर्क लढवले. अगारच्या बॅचवर संशय घेतला, इन्क्युबेटरच्या तापमानावर घेतला. शेवटी तिला म्हटलं, "काल जे जे केलंस ते सगळं पुन्हा माझ्यासमोर कर." ती फ्रिजकडे गेली आणि एक बाटली काढून आणली. बाटलीवर निळ्या मार्करने 'बफर २' असं लिहिलेलं. अक्षर माझं.

ते बफर नव्हतंच. आदल्या आठवड्यात कृमींनी गच्च भरलेल्या प्लेट्स मी थोड्याशा बफरने धुतल्या होत्या, कृमी तळाशी बसू दिले होते आणि वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ठेवलं होतं. त्यातून कृमी सोडाच, बॅक्टेरियाही जात नाहीत. दुसऱ्या एका कामासाठी ठेवलेलं ते पाणी मी घाईत 'बफर २' म्हणून टाकलं आणि विसरले. झाकणावरून बोलणी खाल्ली मात्र तिने.

माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "पण मॅडम, मग बुरशीला कळलं कशावरून?"

उत्तर मला पुस्तकातून ठाऊक होतं. १९५९ साली प्रॅमर आणि स्टोल या शास्त्रज्ञांनी कृमी वाढवलेल्या द्रवातूनच सापळे उगवतात हे दाखवलं होतं आणि त्या अनोळखी पदार्थाला 'नेमिन' असं नाव देऊन ठेवलं होतं. त्यात काय असावं याचा मोठा उलगडा २०१३ मध्ये झाला. सूत्रकृमी एकमेकांशी ॲस्करोसाइड नावाच्या रेणूंनी बोलतात: गर्दी झाली आहे, इथे जोडीदार आहे, इथून निघा, असे निरोप. एक साखर आणि तिला जोडलेली मेदाम्लाची शेपटी, एवढाच तो रेणू. बुरशी नेमके हेच रेणू ओळखते. म्हणजे कृमींनी आपसात केलेल्या कुजबुजीचा ही कानोसा घेते. हे सगळं मी वर्गात कितीदा तरी सांगितलं होतं. कृमीविना उभं राहिलेलं जाळं मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते.

पण एवढ्यावर हुरळून चालणार नव्हतं. कृमी ज्या प्लेट्सवर वाढतात तिथे त्यांचं खाद्य म्हणून ई. कोलाय हे बॅक्टेरिया असतातच. आणि काही बॅक्टेरिया युरिया सोडून याच बुरशीला सापळे लावायला भाग पाडतात, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं आहे. मग आमच्या बाटलीतलं बोलणं कोणाचं? संध्याकाळी आम्ही तीन गट लावले: कोरं बफर, नुसत्या बॅक्टेरियाच्या प्लेटचं गाळलेलं धुवण आणि कृमींचं गाळलेलं धुवण. दुसऱ्या दिवशी पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात शोधून शोधून दोन कडी, तिसऱ्यात मोजायचा कंटाळा यावा इतकी. सगळं श्रेय कृमींच्या रेणूंचंच, असं यावरून मी लिहून देणार नाही. पण कल कुठे आहे ते दिसलं.

मग त्या तिसऱ्या गटातल्या एका प्लेटवर जिवंत कृमी सोडले. एक जण कड्याला नुसता घासला आणि चिकटला. शेपूट आपटतोय, अंगाची कमान करतोय, दोनदा सुटल्यासारखा वाटला आणि पुढच्याच कड्यात अडकला. हळूहळू तडफड मंदावली. यापुढे बुरशी त्याच्या कातडीला भोक पाडून आत शिरते आणि आतूनच पसरत जाते. विद्यार्थिनीने मध्येच डोळा काढून घेतला. मी काढला नाही; या कामात वर्षं गेली की माणूस थोडा निबर होतो.

यात आणखी एक डाव आहे. बुरशी नुसती ऐकत नाही, स्वतःही वास सोडते, आणि त्यातले काही वास कृमींना खाण्याची आणि जोडीदाराची आठवण करून देणारे असतात. २०१७ मध्ये हे उघड झालं. आधी चोरून ऐकायचं, मग त्यांच्याच भाषेत हाक मारायची.

"झाडं बुरशीतून बोलतात म्हणतात, तसंच ना हे?" तिने विचारलं. त्या गोष्टीबाबत मी जरा सावध असते. एका झाडाकडून दुसऱ्याकडे कार्बन जातो हे सिमार्ड या वनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जंगलात मोजलं, ते खरं. पण त्यावर चढवलेल्या बऱ्याचशा कथांना जंगलातला पुरावा तोकडा आहे, असं याच क्षेत्रातल्या तिघांनी २०२३ मध्ये सगळी कामं तपासून लिहिलं. मला त्यापेक्षा टारफुल्याची, म्हणजे दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणाऱ्या तणाची, गोष्ट आवडते. झाडाची मुळं स्ट्रायगोलॅक्टोन सोडतात. १९६६ मध्ये या रेणूंपैकी पहिला सापडला तो टारफुल्याचं बी रुजवणारा म्हणून. झाडाने स्वतःच्या मुळावर उठणाऱ्या तणाला आवतण का द्यावं, हे कोडं २००५ पर्यंत तसंच होतं. मग कळलं, की तो निरोप मुळी मुळांशी भागीदारी करणाऱ्या मायकोरायझा बुरशीसाठी होता. तो मिळाला की तिच्या धाग्यांना भराभर फांद्या फुटतात. तण मधल्या मध्ये ऐकत होतं. तिथे बुरशीसाठी असलेला निरोप दुसऱ्याने ऐकला, इथे दुसऱ्यासाठी असलेला बुरशीने.

निघताना तिने फ्रिजमधली बाटली काढली, माझं लेबल खरवडून टाकलं आणि नवं चिकटवलं: 'कृमींचं धुवण, गाळलेलं. बफर नाही.' खाली तारीख. 'नाही'खाली दोन रेघा.