ताबा म्हणजे सातबारा नव्हे

ताबा म्हटलं की आम्हा कोकणातल्या माणसांना जमीनच आठवते. त्यामुळे वकीलबाई "मुलाचा ताबा मिळणं कठीण आहे" म्हणाल्या तेव्हा मी तावातावाने विचारलं, "पण नैसर्गिक पालक बापच ना?"

"पालक आहातच. ताबा वेगळा." १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ त्यांनी वाचून दाखवलं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, आणि त्यानंतरही कोर्ट आधी मुलाचं हित बघतं, मग आईबापांचं. लेक तेव्हा साडेतीन वर्षांचा होता.

दावा चालू असताना अंतरिम आदेश झाला: दर शनिवारी दोन तास भेट, तीही कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत. पहिल्या शनिवारी मी खेळण्यातली भलीमोठी गाडी घेऊन गेलो. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या वेळी नुसते रंगीत कागद आणि डिंक नेला, तेव्हा मांडीवर येऊन बसला.

मग मला संयुक्त ताब्याचं वेड लागलं. पंधरा दिवस त्याच्या आईकडे, पंधरा माझ्याकडे. कायद्यात तशी वेगळी तरतूद नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये शिफारस केली होती. पण दोघांची संमती असेल तर कोर्ट तसा आदेश देऊ शकतं. समुपदेशक बाईंनी एवढंच विचारलं, "शाळा डोंबिवलीला, तुम्ही पनवेलला. सकाळी सातची शाळा कशी गाठणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं: राहणं आईकडे, एक आड एक शनिवार-रविवार मुक्कामी माझ्याकडे, दिवाळी-मेची सुट्टी निम्मी. शाळा बदलणं, ऑपरेशन, परदेशी नेणं, याला दोघांच्या सह्या.

आणि गणपती लिहायचे राहिले! दिवाळीचा हिशेब दिवसागणिक केला, पण कोकणातल्या माणसाने गणपती विसरावेत? त्या वर्षी गावी एकटाच गेलो. तिने अडवलं नव्हतं, पण कागदावर नव्हतं आणि तिचे बेत आधीच ठरले होते.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो, परिस्थितीप्रमाणे बदलून मिळतो. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून अर्ज केला. गणपतीचे पाच दिवस माझे, पाडवा तिचा. परत आणून सोडायची वेळ रात्री आठ. "कोकणातून येणारी गाडी उशिरा झाली तर फोन करायचा," ही ओळ मात्र तिनेच घालायला लावली.