तुम्ही विचारलंत म्हणून: टाइपरायटरला तेल देऊ का?

नका देऊ. एवढ्या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

मे लागला की नागपुरात हा प्रश्न सुरू होतो. "आजोबांचं मशीन काढलं, अक्षरं वर जातात अन् तिथंच राहतात. उन्हानं आखडलं असन. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकून देऊ का भाऊ?" नको म्हटलं की पुढचं ठरलेलं: "आमचे बाबा तर दर दसऱ्याला टाकत." अहो, तेच तेल आज टाइपबार, म्हणजे अक्षरांच्या दांड्या, धरून बसलंय!

टाइपबार ज्या अर्धगोल लोखंडी भागाच्या खाचांत बसतात तो सेगमेंट. तो कोरडाच चालतो. खाचा इतक्या अरुंद की तेलातला हलका अंश उडून गेला की उरलेलं धुळीत कालवून एकतारी पाकासारखं होतं. पंचेचाळीस अंशांत हे लवकर होतं, एवढाच उन्हाचा दोष. खरा घात कूलर करतो. वाळ्याच्या ताटीतून येणारा ओला वारा दिवसभर मशीनवर घेतला की खाचांत गंज धरतो, आणि गंज धुऊन जात नाही.

आधी एवढं तपासा. सगळ्याच की अडल्या असतील तर कॅरेज (कागद घेऊन सरकणारा वरचा भाग) उजव्या मार्जिनला टेकलंय का, प्रवासात ते हलू नये म्हणून असलेला लॉक लागलाय का ते बघा. मोजकीच अक्षरं अडत असतील तर टाइपबार हातानं उचलून सोडा. रेंगाळत पडला तर सेगमेंट चिकटलाय. चटकन पडला, पण की दाबल्यावर अडतो, तर दोष खालच्या तारांत आहे.

"एका दिवसात का नाही होत?" हाही प्रश्न असतोच. एका ओलिवेट्टी लेटेरा ३२ चं सांगतो. हे मॉडेल १९६३ चं. मालकांनी आधी तेल घातलेलं, मग वरून गंज सोडवायचा फवारा मारलेला. ई, एस आणि एन वरच राहायचे. रिबन आणि स्पूल काढले, झाकण उचललं, कागद ज्यावर चढतो त्या रबरी रोलरवर सुती कापड गुंडाळलं, कारण टर्पेंटाइन रबराला लागता कामा नये. काम गच्चीवर, विस्तवापासून लांब. रंगाच्या दुकानात मिळतं ते मिनरल टर्पेंटाइन १० मिलीच्या सिरिंजनं खाचांत थेंबथेंब सोडायचं. (घासलेट नको, ते तेलकट थर ठेवतं. नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन तर मशीनचा रंगच खातं.) टूथब्रश खाचांच्या दिशेनं फिरवायचा, आडवा नाही. मग एकेक की वीस-पंचवीस वेळा दाबायची. खालच्या वर्तमानपत्रावर तपकिरी डाग पडतात आणि टाइपबार टपाटप पडायला लागतात. मालक इथंच खूश होतात.

दुसऱ्या सकाळी एस पुन्हा वर. टर्पेंटाइन उडून गेलेलं, विरघळलेला चिकटा मात्र खाचेच्या तळाशी जाऊन बसलेला. म्हणून दर धुण्यानंतर ब्लोअर मारायचा, पुसायचं, वाळू द्यायचं आणि पुन्हा धुवायचं. तीन-चार धुण्यांनंतर ई आणि एस सुटले. एन मंदच. भिंगातून पाहिलं तर टाइपबारच्या एका अंगाला चकचकीत ओरखडा. अडकलेलं अक्षर कुणीतरी बोटानं ओढून काढलेलं, त्यात बार वाकलेला. पक्कडीनं तो सरळ करताना केसभर जास्त झालं तरी अक्षर ओळ सोडतं. सरळ केला. आता अडत नाही, पण एन किंचित डावीकडे झुकतो. मालकांना ते दिसत नाही. मला दिसतं.

"एवढ्या पैशात प्रिंटर येतो." येतो. घ्या.

तेल अजिबात नको असंही नाही. कॅरेजच्या रुळांवर टूथपिकच्या टोकानं, पुसट. बस्स.

रोलरबद्दल मात्र माझं माझ्याशीच जमत नाही. मूळ रोलर बदलू नये, असं पूर्वी मी ठासून सांगायचो. पण रबर कडक झालं की नख रुतत नाही, कागद घसरतो, पूर्णविराम भोक पाडतो. मागं एक जादा कागद लावून भागतं, पण फक्त भागतंच. नवं रबर चढवलं आणि व्यास जरा चुकला, तर अक्षराची वरची किंवा खालची कड फिकट येते. रोज लिहिणाऱ्याला बदला म्हणतो, आणि म्हणताना मन होत नाही.

मराठी मशीन असेल तर आणखी एक. उकार किंवा अनुस्वार दाबल्यावर कॅरेज सरकत नाही, म्हणून बिघडलं समजून घेऊन येऊ नका. त्या की तशाच बनवलेल्या असतात. चिन्ह उमटतं, जागा पुढे जात नाही, आणि अक्षर त्याच जागी बसतं. दुरुस्ती म्हणून तिथली स्प्रिंग ताणलेली मशीनं माझ्याकडे येतात. ती मूळ ताणावर आणणं सेगमेंट धुण्यापेक्षा किचकट, आणि त्याचे पैसे मी वेगळे घेतो.