आमची वाटचाल : बोटावरची चिंधी

2009 च्या दिवाळीत मी आणि जाऊबाईंनी सांगलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात चाळीस किलो चकली केली, ती आमची सुरुवात. पुढे वर्षाला शंभर रुपये भरून खाद्यव्यवसायाची नोंदणी केली, पत्र्याची शेड घेतली, सात बायका कामाला आल्या. भाजणी आजही घरीच भाजतो, त्यात तडजोड नाही.

2017 मध्ये दिवाळीच्या महिनाभर आधी अन्नसुरक्षा अधिकारी आले. चकलीचा नमुना घेतला, त्याचे चार भाग करून सील केले, माझी सही घेतली. मी निर्धास्त होते. नमुना पासही झाला. तरी अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 32 ची सुधारणा नोटीस, म्हणजे दाखवलेल्या त्रुटी मुदतीत दूर करा असा लेखी आदेश, हातात पडली! टाकीला झाकण नाही, परातीच्या मोरीतच फरशीचं फडकं धुतात. आणि पीठ मळणाऱ्या मावशींच्या बोटाला चिंधी, तिच्यावर पिठाचा वाळलेला थर.

"माल चांगला निघाला की," मी म्हणाले. त्यांनी कायदाच वाचून दाखवला. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 56 नुसार अस्वच्छ जागेत पदार्थ बनवला, एवढ्यावरच एक लाखापर्यंत दंड होतो, मग तो आपण बनवलेला असो की आपल्या वतीने दुसऱ्या कुणी. पुढचं कलम 59 मी घरी येऊन वाचलं. असुरक्षित अन्नाने कुणाला गंभीर इजा झाली, तर सहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. जीव गेला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप, दंड दहा लाखांपेक्षा कमी नाही. शिवाय मृताच्या घरच्यांना किमान पाच लाखांची भरपाई वेगळी. आमचे डबे वसतिगृहातल्या मुलांना जातात. ती मुलं डोळ्यांसमोरून हलेनात.

मुदतीत सगळं केलं. टाकीला झाकण, दुसरी मोरी, पाण्याची तपासणी, सगळ्यांची वर्षाची वैद्यकीय तपासणी. पैसे गेले, पण ते सोपं होतं.

मावशींना विचारलं, बोट कापलेलं असताना मळायला का बसलात? म्हणाल्या, "खाडा पडला असता, वहिनी."

चूक माझी होती. तेव्हापासून हाताला जखम झाली, जुलाब लागले, ताप आला, तर रजा आणि पूर्ण रोज. सकाळी शेडच्या दारात जाऊबाई एकेकीचे हात पाहतात. परवा माझाही अंगठा भाजला होता. त्यांनी मला बाहेरच थांबवलं, बिलं लिहायला बसवलं.