एकाच कीर्तनावर चाललेलं दुकान

दोन तासांचं कीर्तन दोन सी-६० कॅसेटमध्ये बसतं, हे कीर्तनाच्या कॅसेट काढणाऱ्या, आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. चार बाजू, प्रत्येकी तीस मिनिटं. कापायचं कुठे, यातच सगळी अक्कल. बाकीचे तीस मिनिटं भरली की टेप तोडायचे. महाराज "तुका म्हणे" म्हणून थांबले, की पुढचं ऐकायला श्रोत्याने उठून बाजू उलटायची! आम्ही बाजू गजरावरच संपवायचो. गजर सत्ताविसाव्या मिनिटाला आला तर सत्ताविसाव्या. उरलेली टेप कोरी गेली तरी बेहत्तर. हारतुरे आणि आभार काढले की चौथ्या बाजूवर जागा होतेच.

सांगलीतल्या आमच्या दुकानामागच्या खोलीत डबल डेक, स्पिरिटची बाटली, कापसाच्या काड्या आणि एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर एवढीच इस्टेट होती. टाळ बोथट वाजायला लागले की समजायचं, टेप वाचणारं हेड तिरकं झालंय. ॲझिमथचा, म्हणजे हेडचा कोन सरळ करायचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि टाळ खणखणीत होईपर्यंत कान लावून बसायचं. तो स्क्रू-ड्रायव्हर अजून माझ्या टेबलावर आहे. पोरांना हात लावू देत नाही.

पहिली कीर्तनं ज्या महाराजांची काढली, त्यांचं नाव पुढे झालेल्या भानगडीमुळे इथे घेत नाही. त्याच कीर्तनांच्या आम्ही पुस्तिका केल्या. त्यात आलेली प्रमाणं, म्हणजे आधाराला घेतलेले अभंगांचे चरण, गाथ्यातून ताडून, पूर्ण अभंग देऊन, आषाढीला पंढरपुरात विकल्या. मग एमपीथ्री आलं. सातशे एमबीच्या एका सीडीत सहा कीर्तनं मावायला लागली आणि गिऱ्हाईक म्हणू लागलं, "एकाच सीडीचे शंभर रुपये?" जसा काही महाराजांचा घसा एमबीवर मोजायचा! त्यानंतरची वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी आलं. मास्टर कॅसेटचं कपाट आडवं झालं आणि टेपवर गाळ बसला. काही कॅसेटचे पाचही स्क्रू काढून टेप नव्या डबीत घातली, काही वाचल्या. पण महाराजांचा मुख्य संच गेला.

तेव्हा जतचे गुरुजी आठवले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला माणूस, आमची प्रत्येक कॅसेट पहिल्या आठवड्यात घ्यायचा. उधारी कधी नाही, घासाघीस कधी नाही. जत म्हणजे आमच्या जिल्ह्याचा दुष्काळी तालुका. आमच्या कॅसेट कृष्णेने नेल्या आणि गुरुजींच्या लोखंडी कपाटात त्याच कॅसेट तिथल्या कोरड्या हवेत खडखडीत राहिल्या. आतलं छापील कार्डसुद्धा घडी न मोडता. "मालक, न्या," म्हणाले, "पण लावल्यात त्याच क्रमाने परत आणा." साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर घ्यायला साठ मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फायलीत, म्हणजे आवाज न दाबता घेतलं.

२०२० साली पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, लोक घरात अडकले आणि आमचं यूट्यूब चॅनेल धावायला लागलं. तेवढ्यात एका मोठ्या म्युझिक कंपनीने महाराजांच्या वारसांकडून 'डिजिटल हक्क' लिहून घेतले, तीच कीर्तनं स्वतःच्या चॅनेलवर चढवली आणि वर आमच्यावरच कॉपीराइटचे दोन स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबकडे हक्कभंगाच्या तक्रारी, टाकले. नव्वद दिवसांत तिसरा पडला की चॅनेल बंद! २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ मध्ये असं आलंय, की करारावेळी जे माध्यम नव्हतं, त्याचा हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाही. तुमच्या स्टॅम्पपेपरवर 'ध्वनिफीत' एवढंच आहे, असं कंपनीवाले म्हणाले. पण ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता असतो, आणि निर्माते आम्ही, हे मात्र सोयीस्कर विसरले.

बरं, त्यांनी नवं मुद्रण केलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यांनी आमचीच कॅसेट उचलली होती. तिसऱ्या बाजूवर वीज येते, 'टक्' वाजतं आणि मठातला पंखा घरघरायला लागतो. तोच टक्, तीच घरघर त्यांच्या 'ओरिजिनल एचडी' मध्ये! मी दोन्ही फायलींमधली आवाजाची लाट पडद्यावर एकाखाली एक लावली, गुरुजींच्या कार्डावरचं आमचं नाव आणि साल जोडलं आणि यूट्यूबकडे प्रतिदावा टाकला. अशा वेळी दावेदाराला दहा कामकाजी दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. कोणी गेलं नाही. स्ट्राइक उठले. त्या दरम्यान त्यांनी आमच्या कीर्तनांवर कमावलेलं मात्र कोणी परत दिलं नाही, दिलगिरी तर सोडाच. त्यांच्या चॅनेलवर पंखा अजून फिरतोय.

मुळात एकच फाईल सगळीकडे चढवणं म्हणजे काम नव्हे. कानाने ऐकणाऱ्याला गजर पूर्ण लागतो. पुस्तिका वाचणाऱ्याला प्रमाण पूर्ण लागतं, गजर नको. रीलला दृष्टांत चालतो, पण सुटा सोडला की त्याचा चुटका होतो, म्हणून खाली अभंगाचा चरण आलाच पाहिजे. नव्या कीर्तनांचं शूटिंग करताना उभ्या चौकटीसाठी दुसरा कॅमेरा लावा, नाहीतर टाळकरी दोन्हीकडून कापले जातात. आणि करारात प्रत्येक माध्यम नाव घेऊन लिहा, मोबदल्यासकट. महाराज संकोचतात, आपण संकोचू नये.

सध्या जुन्या पुस्तिका श्री-लिपी या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणतोय. रफार उड्या मारतो, 'सर्व' चं 'र्सव' होतं, त्यामुळे ओळ न् ओळ हाताने तपासावी लागते. गुरुजींनी मोठ्या टायपाची प्रत मागितली आहे, ती कार्तिकीआधी छापतोय. आणखी कोणाला हवी असेल तर आत्ताच कळवा, जास्तीच्या प्रती काढणार नाही.