तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे लोक गप्प कसे बसले?

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना बर्लिन दाखवायचं काम माझ्याकडे असतं. विमानतळावरून नवरा आणतो, स्वयंपाक दोघं मिळून करतो, पण फिरवायचं मी. ब्रांडेनबुर्ग गेट, भिंतीचा उरलेला तुकडा, आणि ज्यांना खरंच रस असेल त्यांच्यासाठी होहेनश्योनहाउझनचा तुरुंग, कम्युनिस्ट पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा. त्या तुरुंगातून बाहेर पडून ट्रामच्या थांब्यावर उभं राहिलं की कोणी ना कोणी विचारतंच, "पण मी काय म्हणते, एवढे लोक गप्प कसे बसले गं? चाळीस वर्षं?"

विचारणाऱ्याच्या आवाजात थोडं नवल असतं आणि थोडं 'आम्ही नसतो बसलो' असंही असतं. ट्राम पाच-सात मिनिटांत येते. तेवढ्या वेळात मला याचं उत्तर कधीही जमलेलं नाही. म्हणून आता सावकाश लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे ते गप्प बसले नव्हते. १६ जून १९५३ ला पूर्व बर्लिनच्या स्टालिनआले या रस्त्यावर इमारती बांधणाऱ्या मजुरांनी हातातलं काम टाकलं. त्याच पगारात दहा टक्के जास्त काम करा, असा सरकारी फतवा निघाला होता. दुसऱ्या दिवशी संप देशभर शेकडो गावांत पसरला. लोक पगाराचं विसरून निवडणुका मागायला लागले. मग सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर आले. किमान ५५ माणसं मेली, हजारो पकडली गेली. त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या बापाने पुढे आपल्या मुलाला काय शिकवलं असेल? आपण बरं, आपलं काम बरं. त्या एका दिवसाच्या भांडवलावर सरकारने पुढची छत्तीस वर्षं काढली. रणगाडे पुन्हा काढावेच लागले नाहीत, ते येऊ शकतात एवढं ठाऊक असणं पुरलं. ज्यांना हे सोसवेना ते पश्चिम जर्मनीकडे निघून गेले, १९६१ पर्यंत सुमारे २७ लाख. मग त्या वर्षीच्या १३ ऑगस्टला भिंत उभी राहिली आणि तोही दरवाजा बंद झाला.

उरले १ कोटी ६० लाखांच्या वर लोक. त्यांच्यावर नजर ठेवायला राज्य सुरक्षा मंत्रालय होतं, १९५० साली स्थापन झालेलं. लोक त्याला श्टाझी म्हणत. १९८९ साली त्याचे पगारी नोकर होते सुमारे ९१ हजार, आणि बिनपगारी खबरे जवळजवळ १ लाख ८९ हजार. भागाकार करा: दर साठ माणसांमागे एक.

पाहुण्यांना मी म्हणते, तुमची सोसायटी डोळ्यांपुढे आणा. साठ माणसं म्हणजे एखादा जिना, फार तर दोन. त्यातला एक. साठांपैकी एकच जण लिहून कळवणारा असला, तरी एकोणसाठ जण एकोणसाठांकडे बघून बोलणं बदलतात. आपल्याकडे भिंतीलाही कान असतात म्हणतात. इथे भिंतीला कान लावायची गरज फार कमी वेळा पडायची, कारण तिथे कान नसतील असं धरून बोलायची हिंमतच कोणाला नव्हती.

आता आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींची गोष्ट सांगते. त्या एका इस्पितळात परिचारिका होत्या. १९७९ साली जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या टेबलावर त्यांनी होनेकरवर, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या सर्वोच्च नेत्यावर, एक विनोद सांगितला. (विनोद मला सांगितलाय. फारसा चांगला नाही.) टेबलावर त्या धरून पाच जणी होत्या, पाचही जणी हसल्या. पुढे काहीच झालं नाही. कोणी बोलावलं नाही, दारावर कोणी आलं नाही. दोन वर्षांनी मुलाच्या शाळेत पुढच्या शिक्षणासाठी निवडलेल्यांची यादी लागली. आपल्या बारावीसारखी त्यांची आबिटुअर, ती दिल्याशिवाय विद्यापीठ नाही. यादीत मुलाचं नाव नव्हतं. मुलगा हुशार होता, पण वर्गात सगळ्यांत हुशार नव्हता. मुलांना त्या जागेसाठी तीन वर्षं सैन्यात जायची तयारी दाखवावी लागायची आणि त्याने कां कूं केलं होतं. शिवाय कुटुंब चर्चला जाणारं. मग कारण कोणतं? मार्क, सैन्य, चर्च, की तो विनोद?

आजींना आजवर कळलेलं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी विनोद सांगणं बंद केलं. मुलाला पुढे विजेच्या कामाचं प्रशिक्षण मिळालं, तो उत्तम वायरमन झाला, कोणाचं काही वाईट झालं नाही असंच म्हणावं लागेल. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेचं मर्म त्या यादीत आहे. गोळी घातली तर माणूस हुतात्मा होतो, लोक पेटतात. यादीत नाव नसलं तर आई स्वतःलाच दोष देत बसते. शिक्षा कशाची ते सांगायचं नाही, म्हणजे माणूस जे जे बोलला, जिथे जिथे हसला, ते सगळं आपणच आठवून आपणच गुन्ह्यात जमा करतो. सरकारचा एक कागदही खर्च होत नाही.

सरकारला ही हुशारी सुरुवातीपासून नव्हती. पन्नासच्या दशकात सरळ दांडगाई होती: पश्चिम बर्लिनमधून माणसं पळवून आणायची, कोठडीत झोपू द्यायचं नाही, मारहाण. पुढे १९७३ मध्ये पूर्व जर्मनीला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली, १९७५ मध्ये मानवी हक्क पाळण्याचं वचन असलेल्या हेलसिंकीच्या करारावर सही झाली. आता जगात अब्रू होती, पश्चिमेकडून कर्जं हवी होती, म्हणजे दिसेल असा मार परवडणारा नव्हता. जानेवारी १९७६ मध्ये श्टाझीचा एक अंतर्गत आदेश निघाला, क्रमांक १/७६. त्यात एका पद्धतीची रीतसर मांडणी आहे. तिचं नाव 'त्सेरझेट्सुंग'. शब्द रसायनशास्त्रातला. आपण कुजवणं म्हणू.

माणसाला पकडायचं नाही, कुजवायचं. चार खऱ्या गोष्टींत दोन खोट्या पण पटण्यासारख्या मिसळून त्याची बदनामी करायची. नोकरीत त्याला अपयशच येत राहील अशी तजवीज करायची. मित्रांमध्ये एकमेकांविषयी संशय पेरायचा. बायकोला निनावी पत्र पाठवायचं. काही जणांच्या घरी तर, कोणी नसताना आत शिरून, फक्त वस्तू हलवल्या जात: टॉवेल दुसऱ्या क्रमाने लावायचे, गजराची वेळ बदलायची, डब्यात वेगळाच चहा भरायचा. चोरी काहीच नाही. आता हे सांगायला पोलिसांत जाऊन बघा! 'माझ्या घरात कोणीतरी येऊन चहा बदलून जातं.' ऐकणारा तुम्हाला डॉक्टरचा पत्ता देईल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण मी लहानपणापासून ऐकलेली, पण तिचा शासकीय आदेश निघू शकतो हे मला इथे येऊन कळलं. पॉट्सडॅमला श्टाझीची स्वतःची उच्च शिक्षणसंस्था होती, तिथे 'ऑपरेटिव्ह मानसशास्त्र' हा विषय शिकवला जायचा.

तुरुंगही त्याच विचाराने चालवलेला. पकडलेल्या माणसाला बार्कास बनावटीच्या छोट्या गाडीत, खिडकी नसलेल्या खुराड्यात बसवायचे. बाहेरून गाडी मासळीची किंवा पावाची वाटावी. राहणारा बर्लिनचाच, तरी तासन्‌तास फिरवून आणायचे, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला कळू नये. होहेनश्योनहाउझनचा तो भाग शहराच्या नकाशावर रिकामा दाखवलेला असे. आत नावाऐवजी नंबर. रात्री उताणंच झोपायचं, हात पांघरुणाच्या वर. कोठड्या शंभरच्या आसपास, आणि चौकशीच्या खोल्या त्याहून जास्त. दिवसचे दिवस एकट्याला ठेवलं की माणूस चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचीच वाट बघायला लागतो, कारण बोलणारा तो एकच. तिथे फिरवणाऱ्या वाटाड्यांपैकी बरेच जण स्वतः त्या कोठड्यांत राहिलेले आहेत.

तिथल्या बोळांत लाल दिवे आहेत. लाल लागला म्हणजे एका कैद्याला नेत आहेत, दुसऱ्याला आणायचं नाही. समोर आलाच तर त्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. एका कैद्याला दुसऱ्याचा चेहराही दिसता कामा नये. एकदा माझ्याबरोबर माहेरच्या ओळखीचे एक काका होते, आणीबाणीत मिसाखाली येरवड्याच्या तुरुंगात दिवस काढलेले. आणीबाणी आणि हे एकाच मापाने मोजता येत नाही, हे ते स्वतःच म्हणाले. येरवड्यात त्यांचे वर्ग चालायचे, गाणी व्हायची, समाजवादी आणि संघवाले यांची एकाच बराकीत कडाक्याची भांडणं व्हायची. काका त्या लाल दिव्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, इथे तर कोणाशी भांडायचीही सोय नाही."

त्या दिवसापासून पाहुण्यांना मी माझ्या स्पष्टीकरणाऐवजी काकांचं वाक्य सांगते.

लिश्टेनबेर्गमध्ये श्टाझीचं मुख्यालय होतं, तिथे आता संग्रहालय आहे. पत्रं वाफेवर उघडून पुन्हा चिकटवण्याची यंत्रं आहेत. माणसांच्या वासाच्या बरण्या आहेत: संशयिताला खुर्चीवर बसवायचं, त्याचा वास फडक्यात धरायचा आणि ते फडकं लोणच्याच्या बरणीसारख्या काचेच्या बरणीत बंद करून ठेवायचं, उद्या कुत्र्याला हुंगायला द्यायला. पाहुणे इथे हसतात. मीही पहिल्यांदा हसले होते. हास्यास्पद आणि भीतीदायक या दोन गोष्टी एकाच बरणीत मावतात.

आणि या सगळ्याचा मालक एरिष मीलके. १९५७ ते १९८९, बत्तीस वर्षं मंत्री. १११ किलोमीटर लांबीचे कागद जमवलेला माणूस. ३१ ऑगस्ट १९८९ ला आपल्या जिल्हाप्रमुखांच्या बैठकीत त्याने विचारलं: उद्या पुन्हा १७ जून होईल अशी परिस्थिती आहे का? छत्तीस वर्षांनीही त्याच्या डोक्यात तीच तारीख! गेरा जिल्ह्याच्या कर्नलने उत्तर दिलं, नाही होणार, त्यासाठीच तर आम्ही आहोत. त्यानंतर बरोबर दहा आठवड्यांनी भिंत पडली. गल्लीगल्लीतली कुजबूज त्यांना ऐकू येत होती, पण खालच्या माणसाला वरच्याला खरं सांगायची भीती. आपणच पसरलेल्या धुरात त्यांनाच दिसेनासं झालं होतं.

हे सगळं मोडलं ते लायप्झिगला. ९ ऑक्टोबर १९८९, सोमवार. दर सोमवारी निकोलाय चर्चमध्ये प्रार्थना आणि नंतर मिरवणूक चालू होती. त्याच जूनमध्ये बीजिंगला सैन्याने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या ते सगळ्यांनी पाहिलं होतं आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने त्याला पाठिंबाही दिला होता. तीन दिवस आधी स्थानिक वर्तमानपत्रात एका सशस्त्र दलाच्या प्रमुखाचं पत्र छापून आलं होतं, गरज पडली तर हातात शस्त्र घेऊ, असं. तरीही सत्तर हजार लोक निघाले. पोलिसांनी वाट सोडली. हे लोक एकाएकी शूर झाले असं मला वाटत नाही. साठातला तो एक त्या गर्दीतही असणारच. पण दिवाणखान्यात बसून सत्तर हजार मोजता येत नाहीत, रस्त्यावर येतात.

जानेवारी १९९२ पासून कोणालाही आपली फाइल वाचता येते. तीस लाखांहून जास्त अर्ज आले. राजकीय कार्यकर्त्या वेरा वोलेनबेर्गर यांना कळलं की त्यांच्यावर अहवाल लिहिणारा 'डोनाल्ड' म्हणजे त्यांचा स्वतःचा नवरा. अशा बातम्या वाचल्यावर अनेकांनी अर्ज केलाच नाही.

खालच्या आजींनीही नाही केला. मी एकदा विचारलं, तो विनोद कोणी कळवला हे जाणून नाही घ्यायचं? त्या म्हणाल्या, त्या टेबलावरच्या पाच जणींपैकी एक पुढे माझ्या सुनेची आई निघाली. (जर्मनमध्ये विहिणीला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही, असा वळसा घालून सांगावं लागतं.) दर नाताळला ती येते. आम्ही आठ जण बसतो जेवायला. अर्ज केला तर कदाचित सात बसू. आणि तिने काहीच केलेलं नसलं, तर मी तिच्यावर पस्तीस वर्षं संशय घेतला, हे मला कळेल. मला दोन्ही नकोय.

गेल्या नाताळात त्यांनी आम्हालाही बोलावलं होतं. भाजलेलं बदक, लाल कोबी, बटाट्याचे गोळे. वायरमन मुलगा, सून, विहीणबाई, नातवंडं, दोन जुने शेजारी. विहीणबाईंनी मला दोनदा आग्रह करून वाढलं. सगळे हसत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी हातात काटा धरून एकेकाचं वय काढतेय, १९७९ साली हा केवढा असेल, ही कुठे असेल.