टाइनमथ स्टेशन: मेट्रोतून उतरलात की आधी वर बघा

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जाणार असाल तर अर्धा दिवस टाइनमथला द्याच. बीच वगैरे आहेच पण मी सांगतेय ते स्टेशनसाठी. 1882 चं बांधकाम, नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचा आर्किटेक्ट विल्यम बेल, आणि आता ग्रेड टू स्टार लिस्टेड, म्हणजे खास महत्त्वाची संरक्षित वास्तू. गाव एवढंसं आणि स्टेशन हे भलंमोठं, कारण तेव्हा सुट्टीच्या दिवशी समुद्रावर येणाऱ्यांची झुंबड उडायची म्हणून एवढे ऐसपैस प्लॅटफॉर्म आणि त्यांच्यावर लांबच लांब काचेचं छप्पर, खाली ओळीने नक्षीदार लोखंडी खांब. मध्यंतरी सगळं गंजून पार वाट लागली होती, गावकऱ्यांनी लावून धरलं आणि 2012 मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली.

आता जायचं कसं. सेंट्रल स्टेशनवरून यलो लाइनची सेंट जेम्सकडे जाणारी मेट्रो टाइनमथला जाते खरी, पण साउथ गॉसफोर्थ, व्हिटली बे असा मोठा वळसा घालून. त्यापेक्षा मॉन्युमेंटला उतरा, प्लॅटफॉर्म बदला आणि वॉलसेंडवरून जाणारी पकडा, पंचवीसेक मिनिटांत पोचाल. वाटेत वॉलसेंडच्या पाट्या नक्की वाचा, इंग्लिशसोबत चक्क लॅटिनमध्ये आहेत, रोमन किल्ला शेजारीच ना!

शनिवार-रविवारी स्टेशनातच बाजार भरतो, जुनी पुस्तकं, रेकॉर्ड्स, दागिने, खायचे स्टॉल, मजा येते पण गर्दीत खांब-बिंब काही धड दिसत नाहीत. फोटो हवे असतील तर सरळ वीकडेला जा. बाजारच बघायचा असेल तर सकाळी लवकर, आणि मधल्या पुलावर चढून एकदा खाली बघा, छपराची लांबी तिथूनच कळते. थोडी कॅश जवळ असू द्या.

स्टेशनपासून फ्रंट स्ट्रीटने सरळ चालत गेलं की दहाएक मिनिटांत प्रायरी (जुना ख्रिस्ती मठ) आणि किल्ल्याचे अवशेष (तिकीट आहे, हिवाळ्यात वेळा बदलतात, आधी चेक करा). बाजूला खाली किंग एडवर्ड्स बे, पायऱ्या बऱ्याच आहेत, आईबाबा सोबत असतील तर त्यांना लाँगसँड्सच्या बीचवर न्या. उन्हाळा असला तरी विंडचीटर हवाच, नॉर्थ सीच्या वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

परतताना मात्र वळशाची गाडीच घ्या, डे तिकीट असेल तर मध्ये व्हिटली बेला उतरता येतं. 1910 चं ते घड्याळाच्या टॉवरवालं स्टेशनही बेलचंच आहे.