पोहण्याचा तलाव बांधण्याआधी वर्षाचा खर्च मांडणारी फर्म : आमची वाटचाल

घरी स्विमिंग पूल बांधून देणारे बरेच आहेत. बांधकामाला किती लागेल हेही सगळेच सांगतात. पण त्यानंतर दर वर्षी तो चालवायला किती लागेल, हे लिहून देणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. आमची फर्म उभी राहिली ती या एका गोष्टीवर.

सुरुवात देखभालीपासून झाली. मी नळकाम करणारा, धाकटा भाऊ मोटर रिवाइंडिंगचा. दुसऱ्यांनी बांधलेले तलाव सांभाळायचे, जाळीने पालापाचोळा काढायचा, तळाला व्हॅक्यूम मारायचा, फिल्टरला बॅकवॉश द्यायचा, म्हणजे पाणी उलट फिरवून तो धुवायचा, क्लोरीन टाकायचं, एवढंच काम होतं. त्या काळात एक गोष्ट वारंवार दिसायची. पहिल्या वर्षी घरातली मुलं रोज पाण्यात असायची. दुसऱ्या वर्षी पंपाचे तास कमी व्हायचे, कारण विजेचं बिल अंगावर आलेलं असायचं. तिसऱ्या वर्षी पाणी हिरवं. हौस संपली असं लोक म्हणतात, पण संपलेली असायची ती खर्चाची तयारी. असा बंद पडलेला तलाव पाहिला की आम्हा दोघांनाही मनापासून वाईट वाटायचं, आजही वाटतं.

म्हणून भावाने पहिलं काम हाती घेतलं ते विजेचं. उदाहरणासाठी 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल तलाव धरू. त्यात साधारण 45,000 लिटर पाणी बसतं. दीड हॉर्सपॉवरचा पंप विजेच्या मीटरवर 1.4 किलोवॉटच्या आसपास ओढतो. रोज 8 तास चालवला तर वर्षाला जवळपास 4,000 युनिट होतात. आता गंमत बघा, 45,000 लिटर पाणी 8 तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायला तासाला साडेपाच-सहा हजार लिटरचा प्रवाह पुरतो. दीड हॉर्सपॉवरचा पंप त्याच्या दुपटीहून जास्त पाणी ढकलतो. मोठा पंप म्हणजे चांगला पंप, ही समजूत मालकाला दर महिन्याच्या बिलात भरावी लागते.

पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मं येतं, पण लागणारी शक्ती सिद्धांताप्रमाणे आठव्या हिश्श्यावर उतरते. तेच पाणी फिरवायला दुप्पट वेळ लागेल हे धरलं तरी ऊर्जा पाव भागच लागते. प्रत्यक्षात मोटर आणि तिचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधला अपव्यय आडवा येतो, तरीही निम्म्याहून जास्त वीज वाचते. म्हणून आम्ही व्हेरिएबल स्पीडचा, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा पंप सुचवतो. नुसता छोटा पंप का नाही, असं लोक विचारतात. सँड फिल्टरला बॅकवॉश देताना वाळू नीट उचलली जायला जोराचा प्रवाह लागतो, तेवढ्या दोन-तीन मिनिटांसाठी वेग वाढवता आला पाहिजे.

पाइपचं गणित त्याहून महत्त्वाचं, कारण पाइप जमिनीखाली जातो आणि नंतर बदलता येत नाही. 50 मिलिमीटरऐवजी 63 मिलिमीटरचा पाइप घेतला तर त्याच प्रवाहाला घर्षणाचा विरोध साधारण एक तृतीयांशावर येतो. एल्बो, म्हणजे पाइपची वळणं, कमी ठेवले, पंप तलावाच्या जवळ ठेवला, की आणखी फायदा. पाइपच्या किमतीतला हा फरक एकदाच मोजावा लागतो आणि त्याचा फायदा तलाव असेपर्यंत मिळत राहतो. माझ्या मते घरगुती तलावात यापेक्षा चांगली गुंतवणूक नाही. नळकाम करणारा म्हणून मी हे अभिमानाने सांगतो.

पाण्याचा हिशेब मांडला तेव्हा मात्र आम्ही दोघंही थक्क झालो. वारा आणि ऊन असेल तर उघड्या पाण्याची पातळी दिवसाला 5 मिलिमीटरने सहज खाली जाते. वरच्या उदाहरणातल्या तलावाचं क्षेत्रफळ 32 चौरस मीटर, म्हणजे दिवसाला 160 लिटर. वर्षभर तोच दर राहिला तर 58,000 लिटरच्या वर. तलावात मावतं त्याहून जास्त पाणी एका वर्षात हवेत जातं! आणि ते जाताना उष्णताही घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.68 युनिट उष्णता निघून जाते, म्हणजे 160 लिटरमागे शंभरावर युनिट. याच तलावाचं पाणी एका अंश सेल्सिअसने तापवायला साधारण 52 युनिट उष्णता लागते. यावरून ज्यांना पाणी गरम ठेवायचं आहे त्यांनी आधी कव्हर घ्यावं की पाणी तापवणारा हीट पंप, हे वेगळं सांगायला नको. कव्हरमुळे वर ओतावं लागणारं पाणी 30 ते 50 टक्क्यांनी कमी होऊ शकतं, आणि ऊन अडल्यामुळे क्लोरीनही कमी लागतं. फक्त पोहण्याआधी कव्हर पूर्ण काढायचं, अर्धवट सरकवलेल्या कव्हरखाली कुणीही उतरायचं नाही. हा नियम आम्ही घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून सांगतो.

पातळी उतरते ती बाष्पीभवनाने की गळतीने, हे बादलीने कळतं. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतली आणि बाहेरची पातळी खुणावायची, पंप बंद ठेवून 24 तासांनी पाहायचं. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा जास्त उतरली तर कुठेतरी गळतंय. आमच्या करारातल्या प्रत्येक तलावाची ही तपासणी ठरलेली आहे. बॅकवॉशचंही तसंच. एका बॅकवॉशला सुमारे 600 लिटर गेले आणि दर आठवड्याला सवयीने दिला, तर वर्षाला 31,000 लिटर गटारात. त्यापेक्षा फिल्टरवरचा प्रेशर गेज पाहावा. स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा 0.5 ते 0.7 बारने दाब चढला की बॅकवॉश द्यावा.

रसायनांच्या बाबतीत आम्ही एक निर्णय घेतला, आणि तो फर्मला सगळ्यात जड गेला. देखभाल करणाऱ्याची कमाई बऱ्याचदा रसायनांच्या विक्रीवर असते, म्हणजे जितकी जास्त खपतील तितकं त्याचं भलं. आम्ही वार्षिक कराराची एक ठरावीक रक्कम केली आणि रसायनं आमच्या अंगावर घेतली. आता जास्त क्लोरीन लागलं तर पैसे आमचे जातात. सुरुवातीला हातात काही उरेना, दोन माणसांचे पगार ओढाताणीने दिले. पण त्यातूनच आम्ही पाण्याची तपासणी मनावर घेतली.

पाण्याचा आम्लपणा सांगणारा आकडा, म्हणजे पीएच, 7.2 ते 7.8 च्या मध्ये हवा. 7.5 ला क्लोरीनचा जवळपास निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, पीएच 8 झाला तर तो पाव भागाच्या आसपासच उरतो. म्हणजे थोडंसं आम्ल टाकायचा आळस केला की तेवढ्याच कामाला क्लोरीन जवळपास दुप्पट लागतं. उघड्या उन्हात नुसतं क्लोरीन काही तासांतच संपतं, म्हणून उन्हापासून क्लोरीन टिकवणारं सायन्युरिक आम्ल 30 ते 50 पीपीएम (दहा लाख भागांत तितके भाग) ठेवायचं. पण इथेच एक छुपा खर्च आहे. टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्यांमध्ये हे आम्ल आधीच असतं. दर 10 पीपीएम क्लोरीनमागे ते सुमारे 6 पीपीएमने वाढतं. पाणी उडून जातं, आम्ल मागे राहतं. शंभरीच्या पुढे गेलं की क्लोरीनचा जोर मंदावतो, शेवाळ धरतं, आणि उपाय एकच, तलावातलं बरंच पाणी उपसून नवं भरणं. म्हणून आम्ही गोळ्या आणि द्रव क्लोरीन आलटून पालटून वापरतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचाच दुसरा प्रकार) मात्र कधीही एका डब्यात, एका मापात येऊ द्यायचं नाही. दोन्ही एकत्र आली तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. आमच्या गाडीत त्यांचे कप्पे वेगळे आणि मापंही वेगळी.

मिठाच्या क्लोरिनेटरबद्दल फार विचारणा होते. क्लोरीन विकत घ्यावं लागत नाही हे खरं, पाण्यात 3,000 ते 4,000 पीपीएम मीठ असलं की यंत्र ते तयार करतं. पण त्यातला क्लोरीन तयार करणारा भाग, म्हणजे सेल, 3 ते 7 वर्षांत बदलावा लागतो आणि पीएच सतत वर सरकत राहतो. सोयीसाठी घ्यावं, फुकट समजून घेऊ नये.

या सगळ्यातून आमचा वार्षिक खर्चाचा कागद तयार झाला. वीज, पाणी, रसायनं, मजुरी, आणि त्याखाली एक ओळ जी मालकाला पहिल्यांदा खटकते. ती झीज भरून काढण्याची. फिल्टरची वाळू 5 ते 7 वर्षं, पंपाचे बेअरिंग आणि सील, टाइल्सच्या फटींमधलं ग्राउट, क्लोरिनेटरचा सेल. प्रत्येकाची किंमत त्याच्या आयुष्याने भागून दर वर्षी बाजूला काढायची. ज्या वर्षी काहीच बिघडत नाही त्या वर्षीही. वर्ष संपलं की आम्ही प्रत्यक्ष खर्च अंदाजाशेजारी लिहून मालकाला देतो, फरक जास्त असेल तर कारणासकट.

कागद वाचून काहीजण बेत सोडून देतात. भाऊ म्हणतो, ते काम गेलं असं समजू नकोस, एक बंद तलाव वाचला. अलीकडे एका कुटुंबाने 10 मीटरचा आराखडा 7 मीटरवर आणला आणि वाचलेल्या रकमेत मोठे पाइप, व्हेरिएबल स्पीडचा पंप आणि कव्हर घेतलं. त्यांच्या पहिल्या वर्षाचा हिशेब आता आमच्या टेबलावर आहे, विजेचा आकडा अंदाजापेक्षा कमी आलाय, पाण्याचा थोडा जास्त. या आठवड्यात तिथे बादली लावणार आहोत.